डोकं पूस आधी

रविवार, ७ सप्टेंबर

आज उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला पायरीवरच गाठलं. "मिस्त्री, एक काम आहे," म्हणाले. मी पिशवीतल्या पान्याकडे हात नेला. मला वाटलं, मागची टाकी पुन्हा वाहायला लागली.

"पान्याचं काम नाही हो. लहान मुलांचा वर्ग घ्यायचाय."

रविवारच्या शाळेच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. दीड महिना तरी येत नाहीत. इकडे १२ ऑक्टोबरला तिघा मुलांचा बाप्तिस्मा आहे. त्यांचे आईबाप मंडळीत नवे, त्यामुळे मुलं तान्ही असताना राहून गेला. आता ती सहा-सात वर्षांची आहेत. त्यांना आणि त्यांच्या वर्गातल्या बाकीच्या चिल्ल्यापिल्ल्यांना बाप्तिस्मा म्हणजे काय ते सांगायचं.

"मी गावच्या शाळेत सातवी झालेला माणूस," मी म्हटलं.

"पाण्यातलं तुमच्याइतकं आमच्यात कुणाला कळतं?" असं म्हणून साहेब निघून गेले. नाही म्हणायला माणूसच समोर राहिला नाही.

काय शिकवलं ते लिहून ठेवा, बाई आल्या की त्यांना दाखवता येईल, असंही ते म्हणाले होते. म्हणून ही रेघांची वही घेतली. पहिल्याच पानावर घरचं लिहायला लागलो आहे, तेव्हा बाईंना ती कशी द्यायची हा प्रश्नच आहे.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, आपल्या दोन पोरांचा अभ्यास घ्यायला बसलात की पोरांच्या आधी तुम्हीच झोपायचात." आई कपड्यांच्या घड्या घालत होती. येताना मी नळावर तोंड धुतलं होतं. माझे केस ओले बघून तिने हातातला टॉवेल पुढे केला.

"डोकं पूस आधी."

हे वाक्य मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत आलो असेन. ओल्या डोक्याने तिने मला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. गावी नदी घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तरी मला पोहता येत नाही, ते तिच्यामुळेच. आणि मुलाने धंदा निवडला तो पाण्याचा. देवाला विनोद कळतो.

गुरुवार, ११ सप्टेंबर

दुपारी काम लवकर संपलं म्हणून चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याचं कुंड पाहिलं. दगडी आहे, कमरेइतकं उंच, वरती घमेल्याएवढा खळगा. तळाला निचऱ्याचं भोक, ते पार तुंबलेलं. उघडलं तर आतून मेणाचे गोळे, एक केसांचा आकडा आणि शर्टाचं एक बटण निघालं. साफ करून नवा वायसर घातला. आता पाणी सुरेख उतरतं.

शिकवायची भीती वाटत नाही. बाप्तिस्मा काय आहे हे मला माहीत आहे. समजावता येईल की नाही, एवढंच बघायचं.

रविवार, १४ सप्टेंबर

पहिला वर्ग झाला. सात मुलं. ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा आहे त्यांत दोघे भाऊ आहेत. त्यांना सगळे जोडगोळी म्हणतात, कारण एक कुठे दिसला की दुसरा मागे असतोच. तिसरी चिमणी. सहा वर्षांची, आवाजही तसाच. तिची आई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर शिवणकाम करते. वडील बोटीवर असतात, वर्षातून एकदा येतात. चिमणीचं डोकं धुवायचा दिवस आख्ख्या इमारतीला कळतो. पाणी डोक्यावर पडलं की ती अशी किंचाळते की खालच्या मजल्यावर कुत्रं भुंकायला लागतं.

मी पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं, तशी ती बाकाखाली गेली. वर्ग संपेपर्यंत तिथेच होती. पण ऐकत होती. मधून मधून बाकाखालून उत्तरं येत होती.

पाणी कशाकशाला लागतं ते विचारलं. प्यायला, धुवायला, झाडाला, गाडीला. जोडगोळीतला धाकटा म्हणाला, "एकमेकांवर उडवायला." हेही बरोबर आहे.

मग वर्गातली वकील उठली. आठ वर्षांची, जाड चष्मा, तान्ही असतानाच बाप्तिस्मा झालेली. तिला सगळे वकीलच म्हणतात आणि तिला ते आवडतं.

"मिस्त्रीकाका, देवाला आपल्याला घरात घ्यायचंय ना? मग त्याने नुसतं 'ये' म्हणावं. पाणी कशाला?"

"पुढच्या रविवारी सांगतो," म्हटलं.

"आमच्या शाळेत असं चालत नाही," ती म्हणाली. मग बसता बसता आणखी एक प्रश्न टाकला: "तुमचा कधी झाला?"

"तान्हा असताना."

"रडलात?"

"आईला विचारून सांगतो."

"दोन उत्तरं राहिली," वकील म्हणाली आणि बोटं दाखवली.

मंगळवार, १६ सप्टेंबर

वकिलीणबाईंचं उत्तर आज सापडलं. एका घरात स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आडवा पडून सांधा बसवत होतो, तेव्हा.

टाकी वर भरलेली असते. नळ खाली असतो. टाकीत पाणी आहे हे कितीही खरं असलं, तरी मधे सांधा नसेल तर नळाला काय? आणि सांधा बसवताना हात लागतो, आवाज होतो, घरातल्यांना कळतं की आज आपल्याकडे नळ जोडला. नंतर तो भिंतीत बुजून जातो. कुणाला दिसत नाही, पण पाणी येतं. देवाने 'ये' म्हटलेलंच आहे. बाप्तिस्मा म्हणजे सांधा.

ओट्याखालीच मी "आमेन" म्हणालो. घरमालकीण म्हणाली, "काही म्हणालात?" मी म्हटलं, "चावी सापडली."

संध्याकाळी आईला विचारलं, मी बाप्तिस्म्याला रडलो होतो का. "आठवतं कुणाला," म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाली, "रडलास की. सगळी रडतात."

रविवार, २१ सप्टेंबर

सांध्याचा धडा जमला. मी पाइपाचे दोन तुकडे आणि एक सांधा नेला होता. मुलांनी स्वतः जोडले. वकिलाने सांधा उलटसुलट करून पाहिला.

"आणि गळायला लागला तर?"

"गळला तर घट्ट करायचा. काढून फेकत नाहीत. बाप्तिस्मा एकदाच होतो. नंतर माणूस कितीही गळका निघाला तरी देव जोडणी तोडत नाही."

"माझे बाबा गळके आहेत," जोडगोळीतला थोरला गंभीरपणे म्हणाला. मी विषय बदलला.

हेही सांगितलं की बाप्तिस्मा दार लावून, एकट्यात होत नाही. सगळ्या मंडळीसमोर होतो, कारण घरात नवं माणूस आलं की घरातल्या सगळ्यांनी ते बघायला हवं.

चिमणी आज बाकाखाली नव्हती, बाकावर होती. मात्र शेवटच्या.

वर्गानंतर तिची आई आली. "दादा, हिचे बाबा तर बोटीवर. हिच्यासाठी धर्मपिता म्हणून तुम्ही उभे राहाल का? घरात तुमचंच नाव घेते सारखी." मला भरून आलं. पोरीच्या बाजूला उभं राहायचं आणि देवासमोर म्हणायचं की हिच्यावर माझं लक्ष राहील. माझ्या स्वतःच्या मुलांनंतर असं कुणी मागितलं नव्हतं. लगेच हो म्हटलं.

चर्चचे कारकून तिथेच होते. नियमाला धरून चालणारा माणूस. म्हणाले, "धर्मपित्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला लागतो."

"अहो, तीस वर्षं मला ओळखता."

"ओळखतो म्हणूनच आठवणीने मागतोय. तुमच्या फाईलला तेवढाच कागद नाही. लग्नाच्या वेळी 'आणून देतो' म्हणाला होतात."

गुरुवारी गावी जाऊन येतो. आईला विचारलं, चल येतेस का? नको म्हणाली. तिचे गुडघे दुखतात. मग म्हणाली, "इतक्या जुन्या वह्या कोण ठेवतं? वाळवीने खाल्ल्या असतील. जाऊ नकोस उगीच." आणि जेवताना मधेच म्हणाली, "तू झोपला होतास बाप्तिस्म्यात." मागच्या आठवड्यात रडलो होतो, आज झोपलो होतो. म्हातारपण.

गुरुवार, २५ सप्टेंबर

वाळवीने काहीही खाल्लेलं नाही! पत्र्याच्या पेटीत सगळ्या वह्या शाबूत. तिथले तरुण पाळक फार भले, स्वतः पेटी ओढून काढली. आम्ही दोघं ओसरीवर बसून पानं उलटत होतो. तासाभरात सापडलं. माझं नाव, बाबांचं नाव, आईचं नाव, खाली बाबांची वेडीवाकडी सही. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. समासात एक बारीक खूण होती, फुलीसारखी. शाई सांडली असेल.

आणि गंमत पुढेच आहे. बाप्तिस्म्याची तारीख शाळेच्या दाखल्यावरच्या माझ्या जन्मतारखेच्या तीन वर्षं आधीची!

आमच्या शाळेत मास्तर वय डोळ्यांनी मोजायचे आणि शाळा उघडण्याचा दिवस जन्मतारीख म्हणून लिहायचे. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. मी अंगाने किरकोळ, तेव्हा मास्तरांनी तीन वर्षं खाल्ली असणार. म्हणजे मी एकोणपन्नासचा नाही, बावन्नचा आहे. पन्नाशी येऊन गेली आणि मला पत्ताच नाही! बसमध्ये मी एकटाच हसत होतो. शेजारच्या माणसाने पिशवी जरा पलीकडे सरकवली.

घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं. "तरीच," ती म्हणाली. "मला वाटायचंच की मला म्हातारा नवरा दिलाय."

आईला दाखल्याची नक्कल दाखवली. तिला वाचता येत नाही, पण तिने कागद दोन्ही हातांत धरला. "तारीख कुठली लिहिलीय?" मी सांगितली. म्हणाली, "गारठा होता त्या दिवशी." एवढ्या वर्षांनी बघा कसं आठवतं! मला आनंद झाला, म्हणून मी समासातल्या खुणेचंही सांगितलं. तिने कागद खाली ठेवला आणि जेवायला नको म्हणाली. मी गावी जाऊन आलो की तिला बाबांची आठवण येते.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

दाखला कारकुनांना दिला. तारखेकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "बरे टिकलात." फाईल पूर्ण झाली.

रविवार, २८ सप्टेंबर

आजचा वर्ग चिमणीसाठी घेतला, पण तिला तसं कळू दिलं नाही. ठरवलं, पाण्याची भीती पाण्यानेच घालवायची. खुर्ची मांडली, समोर परात ठेवली, मान खाली घालून बसलो आणि म्हटलं, "या. एकेकाने माझ्या डोक्यावर पेलाभर पाणी घाला."

असा वर्ग बाईंनी कधी घेतला नसेल. रांग लागली. जोडगोळी दोनदा आली. मी प्रत्येक वेळी चिमणीला ऐकू जाईल असं सांगत होतो: "मान खाली, डोळे बंद. आणि गरम चहावर मारतात तशी हळू फुंकर मारत राहायचं. फुंकर चालू असली की पाणी नाकात जात नाही."

वकिलाची पाळी आली. तिने पेला उचलला आणि थेट पाळकांच्या आवाजात सुरू केलं, "मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या..." मी झटकन तिचा हात धरला. "थांब. शब्द नाही म्हणायचे. त्या शब्दांचा खेळ करायचा नसतो. आणि माझा झालेला आहे."

"बघा हं," ती म्हणाली आणि शब्दांशिवाय पाणी ओतलं.

सगळ्यात शेवटी चिमणी आली. तिने पेल्यात बोट बुडवलं आणि माझ्या टाळूवर एक थेंब ठेवला. "लागलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही.

तसाच निथळत घरी गेलो. आई दारात होती. टॉवेल घेऊन धावली, गुडघ्यांचंही भान नाही. "कुणी घातलं पाणी? काय म्हणून घातलं?" मी हसत सगळं सांगितलं. तिने माझं डोकं इतकं रगडून पुसलं की कान लाल झाले. मग दुसरा कोरडा टॉवेल आणून पुन्हा पुसलं. ऋतू बदलतोय, तिला माझ्या सर्दीची काळजी.

बुधवार, १ ऑक्टोबर

दुपारी घडलं ते जमेल तसं लिहितो.

जेवायला घरी आलो होतो. चिमणी खाली आमच्याकडे आली होती, तिच्या आईला कुणाचे तरी कपडे पोचवायचे होते. बायको बाजारात. आई चिमणीची वेणी घालत होती. चिमणीने विचारलं, "आजी, लहान बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं तर ते मरतं का?"

"असं कोण म्हणतं?"

"आई म्हणते, डोकं ओलं ठेवलं की ताप येतो. आणि तापाने माणसं मरतात. शाळेत सांगितलंय."

आईचे हात वेणीत थांबले. मग म्हणाली, "पाण्याने नाही गं मरत. तापाने मरतं. मला फार उशिरा कळलं."

चिमणी वेणी घालून वर गेली. मी ताट घासत होतो. आई म्हणाली, "नळ बंद कर आणि इथं बस."

मग तिने सांगितलं. त्या वहीतली ओळ माझी नाही.

माझ्या आधी एक मुलगा झाला होता. थंडीच्या दिवसांत त्याचा बाप्तिस्मा झाला. "पाणी पडलं तसा हसला तो," आई म्हणाली. "रडलाही नाही आणि झोपलाही नाही. हसला." त्याच रात्री ताप भरला. अकराव्या दिवशी गेला. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, गारठ्यात डोक्यावर पाणी घातलं, दुसरं काय होणार.

तीन वर्षांनी मी झालो. बाबांनी हट्टाने तेच नाव ठेवलं. जुने पाळक जाऊन नवे आले होते. त्यांनी विचारलं, याचा झालाय का? आई म्हणाली, झालाय. त्यांनी वहीत नाव शोधलं. सापडलं.

"खोटं बोलायचं ठरवून बोलले नाही रे. पाणी नको, एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, जरा मोठा होऊ दे, मग सांगू. मग तू शाळेत जायला लागलास, चर्चमध्ये गायला लागलास. मग सांगायला तोंड कुठं राहिलं? तुझ्या बापाला माहीत होतं. शब्दाने कधी बोलला नाही."

मी पाना उचलला, पिशवीत टाकला आणि कामावर गेलो.

गुरुवार, २ ऑक्टोबर

कामावर गेलो, पण एकाच नळाला दोनदा वायसर घातला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

राग येईल असं वाटलं होतं. आला नाही, किंवा यायला जागा मिळाली नाही. बाबा नाहीत, ते पाळक नाहीत, शेजारच्या बायका नाहीत. उरली आई. बाळ गेल्यावर शेजारच्या बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईवर काय रागवायचं?

पण मन खातंय. तीस वर्षं प्रभुभोजन घेतलं. मुलांना सांगितलं, सांध्याशिवाय नळाला पाणी नाही. मग मला येत होतं ते काय होतं?

आणि एक भाऊ होता. माझ्याच नावाचा. मी त्याच्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो आणि समासातल्या, तो गेल्याच्या खुणेला सांडलेली शाई समजलो.

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, सांध्याचंही. ते म्हणाले, "मिस्त्री, पाणी येत होतं ना?"

"येत होतं, साहेब. ते नाकारलं तर खोटं होईल."

"मग टाकीवाल्याचे हात तुमच्या-माझ्या सांध्याने बांधलेले नाहीत, एवढंच. पण त्याने आपल्याला सांधा सांगितलाय. तो आपण बसवू. एकदाच बसवायचा आणि तुमचा अजून बसवलेला नाही. इतकं सोपं आहे."

सोपं आहे हे मला त्यांच्या घरी पटलं. रस्त्यावर आल्यावर आई आठवली. सगळ्यांसमोर बाप्तिस्मा घ्यायचा तर मंडळी विचारणारच, पन्नाशीतल्या माणसाचा आत्ता का? चाळीस-पन्नास वर्षं पाळकांच्या तोंडावर खोटं बोललेली बाई म्हणून तिच्याकडे बघतील. तसाच कारकुनांकडे गेलो आणि त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "शनिवारी दुपारी दार लावून उरकून टाका. मी वहीत लिहितो, कुणाला कळायचं नाही." नियमाचा माणूस, पण मनाने चांगला आहे. मी हो म्हटलं. ११ तारखेला दुपारी तीनला.

हेच मी मुलांना नको म्हणून सांगितलं होतं. माहीत आहे मला.

रविवार, ५ ऑक्टोबर

शेवटचा वर्ग. कुंडापाशी मुलांना उभं केलं, कुणी कुठे थांबायचं ते दाखवलं. चिमणी दारातच थबकली. "मी नाही."

मी म्हटलं, फुंकर मारायची, मी बाजूलाच असेन, काही होत नाही.

"तुम्हाला सोपं आहे," ती म्हणाली. "तुमचा झालाय."

मी खाली बसून तिच्या चपलेचा पट्टा लावू लागलो. तो आधीच लावलेला होता.

तिची आई म्हणाली, रडारड होणार असेल तर पुढच्या वर्षी करू. मी काय बोलणार? घरी येऊन चिमणी काय म्हणाली ते आईला सांगितलं, शनिवारचंही सांगितलं. "तुला काही त्रास होणार नाही," म्हटलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तुझा भाऊ सगळ्यांसमोर हसला होता."

बुधवार, ८ ऑक्टोबर

संध्याकाळी घरी आलो तर जिन्यात वकील उभी. चष्म्यातून माझ्याकडे बघत होती, आरोपीकडे बघावं तशी.

"मी शब्द म्हणत होते! तुम्हीच थांबवलंत! तेव्हाच झाला असता!"

मला आधी कळेचना. मग वरून चिमणीचा आवाज आला, "मिस्त्रीकाकांचा नाही झालेला! मिस्त्रीकाकांचा नाही झालेला!" आख्खा जिना दुमदुमला.

काय झालं ते बायकोने सांगितलं. दुपारी आई कठडा धरत, एकेक पायरी करत वर चिमणीच्या घरी गेली. तिथे चार बायका कपड्यांची मापं द्यायला आलेल्या. त्यात कारकुनांची बायकोही होती. आई त्या सगळ्यांच्या देखत चिमणीसमोर बसली आणि म्हणाली, "माझ्या लेकाचा बाप्तिस्मा झालेला नाही. मी होऊ दिला नाही. मला पाण्याची भीती वाटायची, तुझ्यासारखीच. आता तो रविवारी घेणारे. घाबरेल तो. तू त्याच्याबरोबर येशील का?"

चिमणीने विचारलं, "आधी कोण?"

आई म्हणाली, "आधी तो."

"मग येते."

कारकुनांची बायको उठली आणि आईसाठी पाणी घेऊन आली. मग म्हणाली, मावशी, उतरताना माझा हात धरा. बाकीच्या पुन्हा मापं द्यायला लागल्या म्हणे. मला इतके दिवस मंडळीची भीती होती. आईला पायऱ्यांची असावी.

मी आईसमोर जाऊन बसलो. म्हटलं, "मला तरी सांगायचंस."

"तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. माझं खोटं मीच फेडायला नको का?" मग म्हणाली, "आणि हो, तू एकोणपन्नासचाच आहेस. उगीच म्हातारा होऊ नकोस."

"झालं," बायको आतून म्हणाली. "आत्ता कुठे सवय होत होती."

शनिवार, ११ ऑक्टोबर

कारकुनांनी फाईलमधला दाखला परत दिला. फेकावा की ठेवावा, विचारत होते. मी तो घरी आणून आईला दिला. तिने तो आपल्या पेटीत, बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवला. तिच्याकडे त्या बाळाचं दुसरं काहीच नव्हतं.

कुंड पुसून आलो. निचरा पुन्हा तपासला. माझ्याच दिवशी तुंबायला नको.

रविवार, १२ ऑक्टोबर

झाला.

आई नेहमी शेवटच्या बाकावर बसते. मी लहानपणापासून समजत होतो की तिला दाराची हवा लागते. आज ती पहिल्या बाकावर होती. मांडीवर घडी घातलेला टॉवेल.

पाळकसाहेबांनी थोडक्यात सांगितलं, "आज चौघांचा बाप्तिस्मा आहे. सगळ्यात मोठ्याने बाकीच्या तिघांना शिकवलंय." लोक हसले, पण त्यात बोच नव्हती. मग त्यांनी विचारलं, याच्यासाठी साक्षीला कोण उभं राहतं? मी आईकडे बघितलं नव्हतं, कारण गुडघे. बाकाचा करकर आवाज आला आणि ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

मी कुंडावर वाकलो. चिमणीने माझी बाही ओढली. सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "फुंकर विसरू नका."

पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. ज्या नावाला वहीत एक ओळ आधीच आहे, ते नाव. पित्याच्या म्हणताना पहिलं पाणी पडलं, पुत्राच्या म्हणताना दुसरं. पाणी गार होतं. आयुष्यभर पाणी हाताळलं, कोपरापर्यंत त्यात राहिलो, पण ते पाणी असं माझ्यासाठी आलेलं कधी नव्हतं. पवित्र आत्म्याच्या म्हणताना तिसरं पडलं, आणि मी फुंकर विसरलो. नाकात गेलं. असा ठसका लागला की जोडगोळी मोठ्याने हसायला लागली.

"सांगितलं होतं," चिमणी म्हणाली.

मग तिची पाळी. मी बाजूला उभा राहिलो, आता माझा दाखला होता. ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत इतक्या जोरात फुंकर मारत होती की कुंडातलं पाणी पाळकसाहेबांच्या झग्यावर उडालं. किंचाळली नाही. वर बघितलं, केस डोळ्यांवर आलेले. "संपलं? एवढंच?" म्हणाली. जोडगोळी एकदम पुढे आली, दोघांना एकाच वेळी हवा होता.

सगळं झाल्यावर मी पुन्हा बाकावर बसलेल्या आईकडे गेलो. सवयीने मान खाली घातली. केसांतून पाणी टपटप तिच्या पदरावर पडत होतं. तिने टॉवेल उचलला. उलगडला. माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

मग तिने तो पुन्हा घडी करून मांडीवर ठेवला आणि तळहात माझ्या ओल्या केसांवर टेकवला.

"राहू दे," म्हणाली. "वाळेल आपोआप."